घुमटाचे कूळ आणि गाण्याचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. वाद्यांच्या बाबतीत मात्र हा संयम फारसे कुणी पाळत नाही. ईस्ट इंडियन समाजाचा मेळावा असो की धर्मग्रामाचा सण, व्यासपीठावर घुमटाची थाप पडली की शेजारी बसलेला पाहुणा हमखास विचारतो, "हे पोर्तुगिजांकडून आले का?" त्यावर आपल्यातला कुणीतरी दोन ठरीव उत्तरांपैकी एक देतो. पहिले उत्तर असे, की होय, साहेबी वळणाचे जे काही आपल्याकडे आहे ते सारे त्यांनीच दिले. दुसरे असे, की छे, हे आमच्या मातीतले अस्सल वाद्य आहे, परक्याचा त्याला स्पर्शही नाही. दोन्ही उत्तरे सारख्याच अभिमानाने दिली जातात आणि पुराव्याची निकड दोन्हीकडे सारखीच कमी असते.

या प्रश्नाची मांडणीच सदोष आहे, असे माझे मत आहे. वाद्याचा उगम ही एक गोष्ट आणि त्या वाद्याच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या गीतप्रकाराचा उगम ही दुसरी. वाद्य होडीत बसून येते, बाजारात विकत मिळते, शेजाऱ्याकडून उसने घेता येते. गीतप्रकार असा आणता येत नाही. तो एखाद्या गावातल्या कामाला, प्रसंगाला आणि बोलीला चिकटून वाढतो. या दोहोंची सांगड घालून आपण एकाचे कूळ दुसऱ्याच्या माथी मारतो. पुढे जपणुकीची वेळ आली म्हणजे नेमके जे जपायचे तेच हातून निसटते.

मनोरीच्या संदर्भात हा विचार करणे मला सोयीचे वाटते. मार्वेच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की हे गाव लागते. कुलवेम, गोराई, उत्तन यांच्यासह ते धारावी बेटावर वसले आहे. महानगराच्या हद्दीत असूनही समुद्र आणि खाडी यांनी त्याला पुष्कळ काळ आडोसा दिला. इथला ख्रिस्ती समाज मुख्यतः मासेमारी आणि भातशेती करणारा, आणि त्याची घरची बोली मराठीच. याच मनोरीत मोबाई भवनात ईस्ट इंडियन समाजाने आपले संग्रहालय उभे केले आहे. जुनी भांडी, शेतीची अवजारे, लुगडी, दागिने असा संसार तिथे मांडलेला आहे. संग्रहालय म्हटले की प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी आली आणि चिठ्ठी आली की 'ही वस्तू कुठली?' हा प्रश्न आला. आपल्या वाद्यांखाली काय लिहावे, हे ठरवण्यापूर्वी थोडे खोलात गेलेले बरे.

प्रथम घुमटच घेऊ. घुमट म्हणजे दोन तोंडांचा मातीचा घट. एक तोंड मोठे, ते कातड्याने मढवलेले; दुसरे लहान, ते उघडे. वादक ते गळ्यात अडकवतो किंवा मांडीवर घेतो. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर थाप द्यायची आणि डाव्या पंजाने लहान तोंड झाकत-उघडत राहायचे, एवढीच त्याची युक्ती. आत कोंडलेली हवा जशी दबते वा सुटते तसा आवाज जाड किंवा पातळ होतो. तबल्याला असतात तशा वाद्या-गठ्ठे इथे नाहीत. कातडे घटाच्या काठाला घट्ट चिकटवलेले असते. त्यामुळे स्वर चढवायचा तर घुमटाला ऊन दाखवायचे किंवा शेक द्यायचा. घट कुंभाराचा आणि कातडे परंपरेने घोरपडीचे. या वाद्यात जहाजातून उतरवावा लागेल असा एकही भाग नाही, ही साधी गोष्ट आपण ध्यानात घेत नाही. ज्या गावाजवळ कुंभाराचा आवा आहे आणि ज्या रानात घोरपड आहे, तिथे घुमट जन्माला येऊ शकते.

आणि तसेच घडलेले दिसते. गोव्यात देवळातील सुवारीत शामेळ आणि कासाळ्यांच्या संगतीने घुमट वाजते. त्याच गोव्यात ख्रिस्ती घरांतून एकोणिसाव्या शतकात बहरलेल्या मांडो या गीतप्रकारात ते व्हायोलिनच्या जोडीला बसते. दक्षिण कन्नडमधील कुडुबी लोक शिमग्याला गुमटे वाजवीत नाचतात. आंध्रातल्या बुर्रकथेत मुख्य कथेकऱ्याचे साथीदार गुम्मेट घेऊन उभे असतात. ओडिशातील कालाहांडीत घुमुरा नावाचा मडक्याच्या आकाराचा ढोल आहे आणि त्याचे तोंडही परंपरेने घोरपडीच्याच कातड्याने मढवतात. कालाहांडी समुद्रापासून दूर, डोंगररानातला मुलूख. तिथे पोर्तुगीज अंमल कधी नव्हता. याच्याही मागे जायचे तर भरताच्या नाट्यशास्त्रात मृदंग आणि पणव यांच्याबरोबर दर्दर नावाचे घटासारखे चर्मवाद्य सांगितले आहे. घुमट हे त्या दर्दराचे थेट वंशज आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु घटाला कातडे चढवण्याची कल्पना या देशात फार जुनी आहे, एवढे त्यावरून निःसंशय ठरते. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टीसह मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. त्या काळी बाप्तिस्मा घेणारी घरे आपली जाती, उखळे आणि पाटे-वरवंटे जशी बरोबर घेऊन नव्या धर्मात आली, तसेच घुमटही घेऊन आली असणार. तेव्हा 'पोर्तुगिजांनी दिले' हे पहिले उत्तर इथे टिकत नाही.

पण म्हणून दुसरे उत्तर खरे ठरते काय? 'फक्त आमचे' असे म्हणताना सुवारीत वाजवणारा गोमंतकीय हिंदू, शिमग्यात नाचणारा कुडुबी आणि कालाहांडीचा घुमुरावादक या साऱ्यांना आपण घराबाहेर उभे करतो. घुमट आपले आहे, त्यांचेही आहे.

नावावरून कूळ काढण्याचा मोहही टाळावा. मराठीत घुमट म्हणजे कळसाखालचा गोल माथा, आणि तो शब्द फारसीतल्या गुंबदाशी जोडला जातो. यावरून वाद्यही मुसलमानी अमलात आले, असा तर्क कधीकधी ऐकू येतो. माझ्या मते वाद्याचे नाव घुमणाऱ्या आवाजावरून पडले असावे. घुमट, गुमटे, गुम्मेट, घुमुरा ही सारी नावे तोंडाने उच्चारून पाहावीत. ढोलाचा आवाजच कानी येतो. निरनिराळ्या भाषांतल्या लोकांना एकाच वाद्याचे नाव इतके सारखे सुचावे, याचे स्पष्टीकरण आवाजात जितके सहज सापडते तितके दुसरीकडे सापडत नाही.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर शाहिराच्या डफाकडेही पाहू. डफ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. अरबीतला दफ आणि हिब्रूतला तोफ हे सख्खे शब्द मानले जातात. निर्गमाच्या पंधराव्या अध्यायात तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम हाती घेते ते वाद्य हेच. म्हणजे पोवाडा गाणाऱ्या मराठी शाहिराच्या हातातील वाद्याचे नाव मिर्यामच्या वाद्याच्या नावाशी नाते सांगते. तरीही पोवाडा हा इस्राएलातून किंवा अरबस्तानातून आला, असे म्हणण्याचे आजवर कुणाच्या मनातही आलेले नाही, आणि ते योग्यच आहे. डफाच्या बाबतीत आपल्याला जो विवेक सहज सुचतो, तो घुमटापाशी येताच कुठे जातो?

बायबलने वाद्यांच्या उगमाचा प्रश्न फार सुंदर रीतीने हाताळला आहे, हेही इथे नमूद करावेसे वाटते. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात तंतुवाद्य आणि बासरी वाजवणाऱ्यांचा मूळ पुरुष म्हणून युबालचे नाव येते. त्याचा सख्खा भाऊ याबाल हा तंबूत राहणाऱ्या गुराख्यांचा मूळ पुरुष आणि सावत्र भाऊ तुबल-काइन हा तांब्या-लोखंडाचा कारागीर. गवई जन्मला तो गुराखी आणि लोहार यांच्या घरात. एकाकडून कातडे आणि तात, दुसऱ्याकडून धातू. वाद्याचा उगम शोधायचा तर राजे आणि राष्ट्रे यांच्या वंशावळी चाळण्यापेक्षा आसपासचे धंदे पाहावेत, ही दिशा त्या दोन-तीन वचनांत स्पष्ट दिसते.

आता जे वाद्य निश्चितपणे परदेशातून आले, त्याची गोष्ट पाहू. ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोधक वाटते. मुंबईच्या कोणत्याही कोळीवाड्यात हळदीच्या रात्री किंवा गणपतीच्या मिरवणुकीत 'बेंजो' वाजतो. आडवी पेटी, वर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टंकलेखन यंत्रासारख्या कळा आणि उजव्या हातात तारा छेडण्याची पट्टी. पुढे ध्वनिवर्धक, बाजूला ढोल-ताशे. आज कोळीगीत म्हटले की पुष्कळांच्या कानात प्रथम हाच आवाज येतो, आणि त्याला कुणी परका म्हणत नाही. वास्तविक हे वाद्य जपानचे. १९१२ साली, म्हणजे जपानी सम्राटाच्या ताइशो कालखंडाच्या पहिल्याच वर्षी, नागोया शहरातील गोरो मोरिता याने ते तयार केले. म्हणून तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. व्यापाराच्या वाटेने ते हिंदुस्थानात आले आणि बुलबुलतरंग झाले. बलुचिस्तानात ते बेंजू या नावाने तिथल्या लोकसंगीतात इतके मुरले आहे, की बलुची लोक त्याला आपलेच वाद्य समजतात. आपल्याकडे ते बेंजो झाले. अमेरिकेतील ज्या बँजोवरून हे नाव आले, त्याच्याशी याचे रूपाचेही नाते नाही.

म्हणजे वाद्य जपानी, नाव अमेरिकन वाद्याचे, आणि त्यातून निघणारी चाल वेसावे-मढ-मनोरीच्या किनाऱ्यावरची. या तिहींपैकी कोळीगीताचा उगम कशात आहे? उत्तर उघड आहे. बेंजो येण्यापूर्वीही ती चाल होती आणि उद्या बेंजोच्या जागी दुसरे काही आले तरी ती राहू शकेल. वाद्याने चालीला नवा पोशाख दिला एवढेच.

पेटीचेही तसेच. पायपेटी युरोपातली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले, आणि काही दशकांत ती कीर्तनकाराच्या, नाटकमंडळीच्या आणि भजनी मंडळाच्या दारात जाऊन बसली. १९४० साली आकाशवाणीने तिला परकी आणि श्रुतींना न्याय न देणारी ठरवून साथीला बंदी केली. तीसएक वर्षे ही बंदी चालली, १९७१ साली ती सैल झाली. त्या काळात पंढरीच्या वाटेवर किंवा आपल्या चर्चमधील गायनवृंदात पेटी थांबली, असे मात्र झाले नाही. लोकांनी वाद्याची जन्मपत्रिका पाहिली नाही, त्याचा उपयोग पाहिला.

मग गीतप्रकाराचा उगम कुठे शोधावा? त्यासाठी लग्नघराकडे वळावे लागेल. ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणतात. वाजतगाजत विहिरीवर जायचे, पाणी भरायचे, आणि त्या पाण्याने वराला किंवा वधूला न्हाऊ घालायचे. या नावातच सारे आले. उंबर हे या किनारपट्टीवरील लग्नमांडवाचे मानाचे झाड. हिंदू शेजाऱ्यांच्या मुहूर्तमेढीलाही उंबराची फांदी लागते. आपल्या विधीत नाव उंबराचे राहिले आणि पुढे गुडघे टेकायला वेदी आली, या गोष्टीत मला विसंगती दिसत नाही.

या विधीच्या अवतीभवती गाणी असतात. तांदूळ निवडण्याचे, मांडव घालण्याचे, पाणी आणण्याचे, न्हाऊ घालण्याचे, पाठवणीचे. एक बाई ओळ सुरू करते, बाकीच्या ती उचलतात. ओळीत मामा येतो, आत्या येते, धर्ममाता येते; ज्याचा मान असेल त्याचे नाव गुंफले की ओळ पुढे सरकते. घरात माणसे जितकी, तितके गाणे लांब. त्यात वाद्य असले तर चांगले, नसले तरी अडत नाही. या गाण्यांची खरी लय हातातल्या कामातून येते: सुपाच्या पाखडण्यातून, मुसळाच्या घावातून, कळशी घेऊन टाकलेल्या पावलांतून.

हेच चित्र ठाणे-रायगडच्या आगरी, कोळी, भंडारी लग्नांत दिसते. तिथे धवलारीण नावाची स्त्री धवले गाऊन लग्नाचे विधी पुढे नेते. भटाच्या मंत्रांइतकाच, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, तिच्या गाण्याला मान असतो. धवळा हा शब्द मराठी वाङ्मयाच्या पहिल्या पानांवरचा आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले. महदंबेच्या आधीही बायका लग्नात धवळे गात असल्या पाहिजेत. त्याशिवाय तिला ते रचण्याची प्रेरणा कशी व्हावी? आपल्या लग्नगीतांना आपण धवळा म्हणत नाही. पण गाणारी स्त्री, गाण्याला बांधलेला विधी आणि एकीने सांगून बाकीच्यांनी झेलण्याची रीत, या तिन्ही खुणा जुळतात. त्यांचे मूळ या जुन्या मराठी परंपरेत आहे, असे मानण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर चौलजवळच्या कोर्लईला जावे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीची घरची बोली आजही पोर्तुगीजपासून घडलेली आहे, आणि तिच्यातली गाणीही त्याच बोलीत आहेत. तिथे गाण्याच्या मुळाशी पोर्तुगीज आहे, हे म्हणणे रास्त. मुंबई, माहीम, वांद्रे या भागांतही अशी एक मिश्र बोली एकेकाळी होती. दालगादो यांनी १९०६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. मनोरीच्या विहिरीवरचे गाणे मात्र मराठी बोलीत आहे. गाण्याचे कूळ सांगण्यास याहून निराळा दाखला शोधण्याची गरज नाही.

मिशनऱ्यांनीही हे ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या क्रिस्तपुराणासाठी युरोपातले वृत्त आणले नाही, ओवी घेतली. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी या सख्ख्या बहिणी नसल्या तरी एकाच घरच्या. उत्तर कोकणात फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइन्स यांनी १६५९ साली प्रभूच्या दुःखसहनावर पुराण रचले, तेही इथल्या बोलीत. उपवासकाळात हे पुराण गाण्याची प्रथा इकडच्या ख्रिस्ती घरांत दीर्घकाळ होती. आशय नवा, पण तो ज्या साच्यात ओतला तो साचा इथला.

इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक हुकूम काढला. ख्रिस्ती लग्नांत ओव्या गाण्यास आणि हळद-तेल लावण्यासारख्या रीतींना त्याने मनाई केली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या १९६१ सालच्या ग्रंथात या हुकुमाचा परामर्श घेतला आहे. हा प्रसंग आपल्याला अडचणीचा वाटतो म्हणून त्याच्याकडे डोळेझाक करू नये. उलट त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ज्या गाण्यांवर बंदी घालावी लागली, ती गाणी ख्रिस्ती घरांत तोवर दोनशे वर्षे टिकून होती. या हुकुमानंतर वर्षभरातच, १७३७ साली, मराठ्यांनी ठाणे आणि साष्टीचा बराच मुलूख घेतला आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. गोव्यात त्या मनाईला पुढेही बराच काळ मिळाला. इकडे तिला जेमतेम एक-दोन वर्षे मिळाली. आपली लग्नगीते आणि उंबराचे पाणी इतक्या जोमाने टिकले यामागे ही एक राजकीय घटना असावी, असे मला वाटते. चिमाजी आप्पांच्या स्वारीने आपल्या पूर्वजांना दुःखेही दिली. इतिहास एकाच हाताने देतो आणि घेतो.

पोर्तुगिजांचे आणि त्यांच्यामागून आलेल्या इंग्रजांचे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. व्हायोलिन, स्वरलेखन वाचण्याचे शिक्षण, अनेक कंठांनी वेगवेगळे स्वर धरून एकत्र गाण्याची रीत आणि पितळी बँड, हे सारे त्यांच्याकडून आले. गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांतून तयार झालेले वादक मुंबईच्या पोलीस बँडपासून चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत पोचले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस (१९२७-२०१२) हे त्यांतले सर्वपरिचित नाव. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे एवढ्यावरच थांबतो.

चर्चच्या दाराशी मात्र थोडे रेंगाळले पाहिजे, कारण घुमट तिथेच अडले होते. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाला, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आदेश दिला. त्यात चर्चमध्ये पियानोला आणि ढोल, झांजा अशा गोंगाटाच्या वाद्यांना मज्जाव होता. बँडलाही चर्चमध्ये बंदी होती, बिशपांच्या परवानगीने तो बाहेरच्या मिरवणुकीत चालत असे. स्तोत्रसंहितेचे दीडशेवे स्तोत्र ज्या वाद्यांची नावे घेऊन संपते त्यांत डफही आहे आणि झांजाही आहेत. तेव्हा हे स्तोत्र चर्चमध्ये म्हणायचे आणि त्यातली वाद्ये बाहेर ठेवायची, अशी मौज साठ वर्षे चालली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक घटनेत निरनिराळ्या लोकांच्या संगीतपरंपरेला उचित स्थान द्यावे, असे म्हटले आणि इतर वाद्यांना दार उघडले.

दार उघडले खरे. पण आपण आत काय नेले? वर्षातून एखाद्या सणाला अर्पणाच्या मिरवणुकीत लुगडे नेसलेल्या मुली, पुढे एक घुमट, आणि मागे गाणे मात्र कोणत्याही शहरी गायनवृंदाचे. याला संस्कृतीकरण म्हणतात. मला ते सजावट वाटते. आपण वाद्य वेदीपाशी नेले, पण आपला गीतप्रकार, म्हणजे एकीने सांगावे आणि सर्वांनी झेलावे ही गाण्याची रीत, आपण नेली नाही. वस्तुतः प्रतिसाद-स्तोत्राची रचना अगदी हीच आहे! लग्नघरात शंभर ओळी तोंडपाठ सांगणाऱ्या वृद्ध स्त्रीला चर्चमध्ये स्तोत्र सांगायला उभे करावे, हे किती ठिकाणी कुणाला सुचले आहे?

रंगमंचावरही तेच. समाजाच्या महोत्सवांत लोकगीतांची स्पर्धा असते. पाच-सात मिनिटांत पाच-सहा गाण्यांचे तुकडे जोडून म्हणायचे. वेष चोख, पावले एकसारखी, घुमट बरोबर सम गाठणारे. तरुण मुले यासाठी मेहनत घेतात, हे कौतुकाचेच. परंतु पाणी आणण्याचे गाणे न्हाऊ घालण्याच्या गाण्याला चिकटवले जाते, नावांच्या जागी कुणाचेच नाव येत नाही, आणि जे गाणे घरातील माणसांइतके लांबायचे ते परीक्षकांच्या घंटेइतके होते. परीक्षक वाद्य 'पारंपरिक' आहे की नाही यासाठी गुण देतात. गाणे कोणत्या कामाचे होते, हे कुणी विचारत नाही.

आणि प्रत्यक्ष लग्नात? तिथे घराण्याची ऐपत बँडवरून मोजली जाते. विहिरीवर जाताना बँड वाजतो, यात वाईट काही नाही. तोही आता आपलाच आहे. पण विहिरीपाशी पोचल्यावर बँड थांबला पाहिजे, कारण तिथे बायकांच्या गाण्याची जागा आहे. पुष्कळदा तो थांबत नाही. चित्रपटाची चाल चालूच राहते, नाचणारे नाचत राहतात, आणि गाणे येणारी म्हातारी पदर सावरीत बाजूला उभी असते. कुणी तिला गाऊ नको म्हटलेले नाही. तिच्यासाठी शांतता कुणी केली नाही, एवढेच घडते. १७३६ च्या हुकुमाला जे साधले नाही ते अशा रीतीने, कुणाच्याही मनात नसताना, साधत चालले आहे.

घुमटाची चिंता करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चिंतेला कारणही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिल्यापासून तिचे कातडे वापरणे गुन्हा आहे, आणि तो असावाही. आता बकरीचे कातडे लावतात. जुने वादक म्हणतात, आवाजाला पूर्वीची धार नाही. असेलही. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला, त्यामुळे त्याच्या निर्मितीला आणि शिक्षणाला बळ मिळाले तर आनंदच आहे. कातडे बदलले तरी घुमट राहील, याची मला खात्री वाटते. कुंभार घडवील, दुकानात मिळेल, कपाटात शोभेल. वाद्याला संग्रहालयात ठेवता येते. पाणी भरण्याचे गाणे कपाटात कसे ठेवणार?

म्हणून संग्रहालयासाठी किंवा धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी गाणी जमवणाऱ्या तरुणांना माझी सूचना अशी आहे की, केवळ शब्द उतरवून घेऊ नयेत. गाणाऱ्या बाईला खुर्चीवर बसवून, पुढे ध्वनिमुद्रक ठेवून 'म्हणा आता' असे सांगू नये. तिला ओळी आठवत नाहीत त्या बहुधा याच कारणाने. तिच्या हाती सूप द्यावे. ओळ कोण सांगते, कोण झेलते, कोणाचे नाव कितव्या ओळीत घेतात, न्हाणीच्या वेळी कोण कुठे उभे राहते, कोणत्या ओळीला पाणी ओततात, आणि बँडवाल्याला 'थांब' म्हणण्याचा मान घरातल्या कोणाचा, हे सारे टिपावे. वेसावे, मढ, उत्तन इथल्या हिंदू कोळी घरांतील बायकांनाही बोलवावे आणि दोघींची गाणी समोरासमोर ठेवावीत. कोणती ओळ कोणाकडून आली याचा निवाडा लगेच होणार नाही, आणि झाला नाही तरी चालेल. घुमटाखालच्या चिठ्ठीवर 'कुंभाराचा घट, दोन तोंडे, एकावर कातडे' एवढे लिहिले तरी पुरेसे आहे. उरलेली जागा त्या घुमटासोबत कोणती गाणी कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, यासाठी ठेवावी.